म्हातारी नसलेली कॉलनी

टेंपो चौक गावच्या एका गॅरेजवाल्याचा होता आणि ड्रायव्हरला परत जायची घाई होती. पळसदरीच्या आमच्या आळीत तो येऊन उभा राहिला तेव्हा भात झोडून झालं होतं, अंगणाअंगणात पेंढा रचलेला होता आणि मी चार महिन्यांची गरोदर होते. माझा संसार तो केवढा! दोन पेट्या, पाटा-वरवंटा, तांदळाचं पोतं आणि गोधड्या. तेवढं चढवायला वेळ लागला, कारण आळीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या टेंपोभोवती जमल्या होत्या आणि प्रत्येकीला मला काहीतरी बजावायचं होतं. जड उचलू नको, उपाशी राहू नको, पाय लोंबकळत ठेवून बसू नको. आई तर टेंपो हलल्यावरसुद्धा चाकाबरोबर चालत बोलतच होती. "डोकं झाकून घे गं बाय, वारा लागंल. आन् पोचल्यावर आदी चूल मांड, मंग बाकीचं बघ." ड्रायव्हर शेवटी वैतागून म्हणाला, "मावशे, रसायनीला चाललीय ती, लंडनला नाय."

तो म्हणाला ते खरंच होतं. कर्जतवरून चौक आणि चौकवरून रसायनी, सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाला पोचतं. माझ्यानंतर आळीतली किती पोरं पुण्याला, मुंबईला, काही तर आखातात गेली. त्यांच्यासमोर "मी घर सोडलं" म्हणायला मला संकोच वाटतो. पण तुम्ही जे तिथं राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, त्या दोघांनाही मी सांगते, अंतराचं काही खरं नसतं. मला चौकच्या फाट्यावरच कळलं होतं की आता मागे बोलणारं कुणी नाही.

यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं गाव कर्जतच्या पलीकडे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात बाईमाणूस नाही, म्हणून यांची नोकरी पक्की होऊन कंपनीची क्वार्टर मिळेपर्यंत मी माहेरीच होते. क्वार्टर मिळाली ती अगदी नवी, चुन्याचा वास न गेलेली. दोन खोल्या आणि घरात नळ! आमच्या आळीत विहिरीवरून पाणी आणता आणता माझी मान आखडायची, त्यामुळे पहिले आठ दिवस मी उगाचच नळ सोडून बघत बसायची. बाहेर मात्र एक उग्र वास कायम असायचा. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. भोंगा झाला की शिफ्ट सुटायची, भोंगा झाला की चहा टाकायचा. घड्याळ लागायचं नाही.

त्या कॉलनीत एक गोष्ट नव्हती, आणि ती नाही हे मला बराच काळ कळलंच नाही. तिथं एकही म्हातारी बाई नव्हती. कंपनीनं पोरं एकदमच भरती केली होती, सगळी विशी-पंचविशीतली. त्यांची लग्नं मागेपुढे झालेली, क्वार्टर एकदम मिळालेल्या. बायका सगळ्या माझ्या वयाच्या. पहिल्या वर्षी ओळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात कुणी ना कुणी पोटुशी होतं. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो की जाणारे-येणारे हसायचे.

माझ्या शेजारी सुलोचना होती, साताऱ्याकडची. तिचं "न्हाई" आणि माझं "नाय" यावरून आम्ही एकमेकींची खूप थट्टा केली. ती माझ्याहून महिनाभर पुढे होती. गरोदरपणात आम्हा दोघींचे केस असे काही दाट झाले की वेणी मुठीत मावेना. विंचरताना फणीत एक केस यायचा नाही. सुलोचना म्हणायची, "बया, ह्या नळाच्या पान्याला गुणच हाय म्हनायचा." मी मान डोलवायची. कौतुक कुणाला नको असतं?

सातव्या महिन्यात मला उवा झाल्या. सुलोचनानं लगेच उपाय काढला, रॉकेलमध्ये कापूर घालून डोक्याला चोळायचा. कुणी म्हणालं, कंपनीतून ढेकणांची पावडर आणते, ती लाव. माझं नशीब की बाळंतपणासाठी मी त्याच आठवड्यात माहेरी गेले. आईनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "पोटुशी बाय तू, आन् डोक्याला रॉकेल? त्यो वास पोटात जातो गं. अंगाला लागलेलं आत मुरतं." मग ती रोज दुपारी मला उंबऱ्यावर बसवायची, खोबरेल लावायची आणि बारीक फणीनं लिखा काढायची. शिकेकाईनं न्हाऊ घालायची आणि सावलीत केस सुकवायची. काम कंटाळवाणं, पण उवा गेल्या. तेवढ्या दिवसांत तिनं मला बाळंतपणाचं सगळं सांगितलं. दूध कसं पाजायचं, बाळाची टाळू कशी भरायची, अळिवाची खीर कधी खायची. एक मात्र सांगायचं राहिलं. तिचा दोष नाही. काही गोष्टी आधी सांगायच्या नसतातच. त्या घडल्या की शेजारची म्हातारी येते, हसते आणि म्हणते, अगं असंच असतं. आईनं धरून चाललेलं असणार की अशी म्हातारी सगळीकडे असतेच.

उन्हाळ्यात मुलगी झाली. यांच्या शिफ्टमुळे जेवणाचे हाल चालले होते, म्हणून पाऊस धरायच्या आत मी सुनंदाला घेऊन परत आले. आणि गावाकडे भाताची लावणी आटपते त्या सुमाराला एका सकाळी फणी भरून केस आले.

आधी वाटलं, गुंता असेल. मग रोजच येऊ लागले. उशीवर केस, भाकरीच्या पिठात केस, न्हाणीच्या मोरीत केसांचा बोळा अडकून पाणी तुंबलेलं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना चकचकीत चामडी दिसायला लागली. मी पदर कधी नाही तो डोक्यावरून घ्यायला लागले. एक दिवस सुलोचनाचा पदर घसरला आणि बघते तर तिचीही तीच गत. तिसऱ्या घरातल्या बाईचंही तेच, पाचव्या घरातलीचंही. गळलेले केस घेऊन बदल्यात सुया-पिना देणारी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरायची. ती आमच्या ओळीत दर आठवड्याला यायला लागली. "हितं माल बरा मिळतो," म्हणाली. आम्ही रडायचं की हसायचं?

सुलोचना म्हणाली, नजर लागली. गरोदरपणी सगळ्यांनी कौतुक केलं ना, ते भोवलं. ती मीठ-मिरच्या ओवाळायला आली तर यांनी तिला दारातच थांबवलं. आमच्या घरी धम्माची दीक्षा घेतल्यापासून नजर, अंगारा, उतारा हे सगळं बंद झालं होतं. माझ्या वडिलांनी ते बोचक्यात बांधून टाकलं होतं आणि यांच्या घरीही तसंच. यांचा या बाबतीतला बाणा फार कडक. "नजर-बिजर थोतांड हाय," हे म्हणाले. "कारण असल्याबिगर काय होत नाय. इचार करा. सगळ्यांना एकदम झालं, म्हंजे सगळ्यांचं एक काय हाय?"

सगळ्यांचं एक होतं ते पाणी. आणि हवा. नजर नाही म्हटल्यावर दुसरं काहीतरी हवंच होतं, ते सापडलं. काल ज्या नळाच्या पाण्याला गुण होता तेच पाणी आज केस खायला लागलं. यांनी इतकं तर्कशुद्ध समजावलं की मलाही शंका उरली नाही. सगळ्यांना एकाच हंगामात मुलं झाली होती, हेही सगळ्यांचं एकच होतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते आमच्या मांडीवरच तर होतं.

मग सुरू झाले हाल. नळ घरात असून आम्ही बाया कॉलनीबाहेरच्या गावातल्या विहिरीवरून पाणी आणू लागलो. ओल्या पायवाटेनं, तान्ही पोरं एकमेकींकडे ठेवून. रात्रीची झोप नाही, वर हे ओझं. जेवायला धड वेळ नाही. मी शिळी भाकरी आणि चहा यावर दिवस काढायची. केस आणखीच गळायला लागले. मी इतकी थकून गेले होते की मला कधी कधी सुनंदाचं रडणं ऐकू यायचं आणि उठवत नसायचं. त्या दिवसांतला थकवा आजही माझ्या हाडात कुठंतरी आहे असं मला वाटतं.

सुलोचनाला तिच्या नवऱ्यानं पोरासकट साताऱ्याला धाडलं. ती गेल्यावर यांचा धीर सुटला. "आज तुझे केस, उद्या पोरीचं काय?" हे रोज विचारायचे. शेवटी म्हणाले, "पगार हातात पडला की साहेबाला सांगतो. नोकरी सोडू. गावाला जाऊ." गावाला म्हणजे कुठं? यांची जमीन कसली, भावाच्या वाट्याचा एक तुकडा. पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर उभं राहायचं. शिकून, धडपडून हे त्यातून बाहेर पडले होते, आणि माझ्या फणीतले केस बघून परत तिथंच निघाले होते. नको म्हणायला मला तोंड नव्हतं. मलाही पोरीची भीती होती.

याच सुमाराला माझा थोरला भाऊ कुर्डूची भाजी आणि तांदूळ घेऊन आला. माझं डोकं बघून तो चहासुद्धा अर्धा ठेवून गेला. दोन दिवसांनी आई दारात उभी. पायांना बांधावरचा चिखल वाळलेला आणि फडक्यात ओला माका. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. आधी सुनंदाला उचललं. सुनंदा तिच्याकडे बघून बोळकं पसरून हसली.

"हसाया लागली का गं ही?" आईनं विचारलं. "कवापासनं?"

"झाले की बरेच दिवस."

"मंग केस जानारच की!" आणि आई हसत सुटली. डोळ्याला पदर लावून हसली. "अगं येडे, पोर आयला वळखून हसाया लागलं की आयचे केस जातात. माजे गेले, तुज्या आजीचे गेले. परत येतात. एवड्यासाटी हिरीचं पानी वाहतेस व्हय गं?"

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच भिंतीला टेकून बसले. यांना मात्र ते पटेना. पोर हसलं म्हणून केस गळतात, हे कसलं कारण? नजरेपेक्षा ते वेगळं काय? आणि सकाळी तर यांचंच खरं ठरल्यासारखं झालं. सुनंदा उठली ती किंचाळतच. दूध घेईना, मांडीवर राहीना. दुपट्यातून पाय काढून बघितला तर एक बोट लाल, टरारून सुजलेलं. हे पांढरेफटक पडले. "पोचलं पोरीपातूर," एवढंच म्हणाले आणि शर्टाची बटणं लावत बाहेर पडले. पगाराची वाट आता बघायची नव्हती. साहेबाला सांगायला चालले होते.

आईनं ते बोट उजेडात धरलं, वळवून बघितलं. तिच्या डोळ्यांना बारीक दिसत नव्हतं. तीही घाबरली. "मला नाय कळत गं हे," ती म्हणाली. "दवाखान्यात पळ."

कंपनीचा दवाखाना कॉलनीच्या टोकाला. तिथल्या सिस्टरनी बोट बघितलं, मग माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि भिंग आणलं. बोटाच्या मुळाशी, सुजेच्या घडीत, माझाच एक केस. दुपट्यात पडलेला, पोरीच्या पायाच्या हालचालीनं बोटाभोवती गुंडाळत गेलेला, आवळत गेलेला. सिस्टरनी चिमट्यानं आणि बारीक कात्रीनं तो जपून सोडवला. सुनंदा हुंदके देत देत गप्प झाली. "वेळेवर आणलीस," त्या म्हणाल्या. "केस गळायच्या दिवसांत बाळाची बोटं रोज बघत जा. हाताची, पायाची. कपडे उलटे करून झटक."

मी केस का गळतात ते विचारलं. त्यांनी सांगितलं ते मी तेव्हापासून कितीतरी जणींना सांगितलंय. एरवी थोडे थोडे केस रोज गळतच असतात. पोटात बाळ असताना ते गळायचे थांबतात, म्हणून डोकं भरलेलं दिसतं. बाळंतपण झालं की तीन-चार महिन्यांनी ते थांबलेले सगळे एकदम गळतात. बाळही नेमकं त्याच दिवसांत हसायला-खेळायला लागतं, म्हणून जुन्या बायकांनी दोन्हींची गाठ मारली. वर्षभरात केस पुन्हा येतात. नाही आले, किंवा मध्येच टक्कल पडल्यासारखी जागा दिसली, तर दाखवायला ये. मग माझ्या पापण्या ओढून बघितल्या आणि रक्ताच्या गोळ्या दिल्या. नीट जेव म्हणाल्या, डाळ, पालेभाजी, नाचणी. ओले केस विंचरायचे नाहीत, अंबाडा आवळून घालायचा नाही, आणि अंगावर पाजत असताना कुणी सांगेल ती पावडर-बिवडर डोक्याला लावायची नाही.

मी तिथून घरी गेले नाही. सुनंदाला कडेवर घेऊन तशीच गेटवर गेले. उघडं डोकं, विरळ केस वाऱ्यावर. वॉचमन बघत राहिला. हे साहेबाच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसले होते. साहेब कुणाशी तरी बोलत होता म्हणून थांबवून ठेवलं होतं. वॉचमननं बोलावल्यावर आले. मी कागदात गुंडाळलेला तो केस यांच्यासमोर धरला. "हे बगा तुमचं केमिकल," म्हटलं. माझा आवाज चढला होता, रडूही येत होतं. यांनी पोरीचं बोट हातात घेतलं, बराच वेळ चोळत राहिले. मग आत न जाता प्लांटकडे गेले.

संध्याकाळी मात्र आईला म्हणाले, "पानी चांगलं हाय असं मी आजून म्हनलेलं नाय." तेही खोटं नव्हतं. तो वास खराच होता आणि नदीचं काय काय ऐकू यायचं. पण आमचे केस त्यानं नेले नव्हते.

आई आठवडाभर राहिली. ओळीतल्या घराघरात गेली, पोरं खेळवली, माक्याचं तेल कढवून दिलं. सुलोचनाला निरोप गेला, तीही परत आली. निघायच्या दिवशी मी आईला म्हटलं, "ऱ्हा ना गं. परत काय झालं तर मी कोनाला इचारू?" ती पिशवी काखोटीला मारत म्हणाली, "आता तू हायस ना. तुला म्हाईत झालं. आता तू सांग." आणि एसटीत चढली. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते. त्या दिवशी मी त्या कॉलनीतली म्हातारी झाले.

तेव्हापासून दाराची कडी वाजली की बाहेर एखादी पदर घट्ट धरून उभी असते. आता पदरही नसतो, मॅक्सी असते, हातात शाम्पूची पुडी असते. "काकू, सातवा महिना आहे, केस काळे केले तर चालेल?" मी सांगते, आत्ता थांब, बाळ होऊ दे, आणि डॉक्टरला विचार. कधी कधी दमून जाते. वाटतं, एखाद्या दिवशी कडी वाजू नये. हेही वाटतं की त्या सकाळी साहेब मोकळा असता तर आज आपण कुठं असतो? यांचा खोकला, डबल ड्यूटी, त्याच दोन खोल्या. सुनंदा पनवेलच्या कॉलेजात जाते, ती या नोकरीच्याच जिवावर. हिशोब लागत नाही, म्हणून मी तो करत नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात थोरल्या भावाच्या चार महिन्यांच्या नातवाच्या, राहून गेलेल्या नाव ठेवण्याला पळसदरीला गेले. सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं होतं. दुपारी पंगत उठल्यावर भावाची सून, एवढीशी पोर, मला मागच्या पडवीत घेऊन गेली आणि डोक्यावरचा रुमाल सोडला. "आत्या, मला काय झालंय गं?" नवऱ्याखेरीज घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं नवीन बोअरिंगचं पाणी बंद केलं होतं.

मी विचारलं, अगं आळीत कुणाला विचारायचं ना? ती म्हणाली, कुणाला? खरंच, कुणाला? वहिनी कल्याणला असते, दुसऱ्या मुलाची पोरं सांभाळायला; आजही नाव ठेवून लगेच परतली होती. समोरची काकू अंबरनाथला लेकीकडे. टेंपोभोवती जमलेल्या त्या सगळ्या काही वारल्या, काहींना मुलांनी शहरात नेलं. जे गाव मी मागे भरलेलं सोडून आले असं मला इतकी वर्षं वाटत होतं, तिथंही आता म्हातारी नव्हती.

मी बाळाची बोटं तपासली. एकेक, हातापायाची. मग तिला समोर बसवून सगळं सांगितलं. ती रडली, हसली, पुन्हा रडली. शेवटच्या एसटीची वेळ झाली तशी मी पिशवी उचलली. तिनं पिशवीचा दुसरा बंद धरला.

तिला आता सगळं माहीत होतं, माझं काम झालं होतं. पण वीस वर्षांच्या पोरीला एवढं माहीत असून एकटीनं घरात राहणं किती जड जातं, हे माझ्याशिवाय त्या घरात कुणाला ठाऊक होतं? भावाला म्हटलं, रसायनीकडे जाणारं कुणी असलं तर यांना निरोप दे, भात तुमचा तुम्ही टाका म्हणावं. पिशवी खुंटीला लावली. "हाय मी चार दिवस," तिला म्हटलं, "चल, डोकं पूस, आदी जेवून घे."